जागा स्वस्त झाली

सोमवारी सव्वादहाला यादी आली.
एम. जी. रोडवर शटर अर्धंच वर होतं.
कोठावदेशेठ उदबत्ती ओवाळता ओवाळता थांबले
आणि मोबाइल लांब धरून वाचू लागले,
चष्मा गल्ल्यावर राहिला होता.

चार टीबीची डिस्क बाराशेनं खाली.
सोळा पोर्टचा स्विच साडेनऊशेनं.
चार खणांच्या स्टोरेजच्या पेटीवर तर
नवं सॉफ्टवेअर फुकट,
जे मागच्याच महिन्यात आम्ही
सिन्नरच्या पतसंस्थेला पैसे मोजून घेऊन विकलं.

शेठ म्हणाले, "वृंदा, आज फोन उचलू नकोस."

शनिवारीच चोवीस डिस्क घेतल्या होत्या, जुन्या भावानं.
मागच्या रॅकवर, चंदेरी पिशव्यांत,
काहीच न कळल्यासारख्या पडून होत्या.
रविवारी कुणी हातही लावला नव्हता,
तरी अठ्ठावीस हजार आठशे गेले.
चोरी झाली असती तर पोलिसांत तरी जाता आलं असतं.
कांदा असता तर हायवेवर ओतून
पेपरात फोटो तरी आला असता.

दुपारी मी केबलची टोकं क्रिंप करत बसले.
नारिंगी-पांढरी, नारिंगी,
हिरवी-पांढरी, निळी,
निळी-पांढरी, हिरवी,
तपकिरी-पांढरी, तपकिरी.
हा क्रम कधी उतरत नाही.
त्याला भाव नाही, म्हणून.

फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा सातपूरचे आहेर.
गिअर कापायचा कारखाना, सोळा माणसं,
ड्रॉइंगं सगळी एका जुन्या कॉम्प्युटरवर,
जो एप्रिलपासून टेबलफॅन लावल्याशिवाय चालत नाही.
सहा डिस्क, एक पेटी, एक स्विच.
अॅडव्हान्स शुक्रवारीच आलेला.
पावतीवर सही माझी.

घरी, तांबट आळीत, बाबा जेवायला थांबलेले.
हात आता ठोकत नाहीत,
पण कुणाकडं गेले तरी पाण्याचा तांब्या
आधी कानाशी नेतात, मग तोंडाशी.

"आज गप्प का?"
"जागा स्वस्त झाली."
घास हातातच राहिला त्यांचा.
"कुठं? पाथर्डी फाट्याला?"
"तिथली नाही हो. डिस्कवरची."
"असं होय. मला वाटलं..."
भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं थोडा वेळ
त्या वाटण्याकडं बघत राहिलो.

मग विचारलं, एवढ्याशा डबीत मावतं काय?
मी सांगितलं, आहेरांची वीस वर्षांची ड्रॉइंगं,
सोळा जणांची हजेरी, पगार,
गेटवरच्या कॅमेऱ्याचा अख्खा महिना.
"आणि उरलेली जागा?"
"रिकामी."
"रिकाम्याचेही पैसे घेता?"
"घेतो."
त्यांनी संपलेली आमटीची वाटी उचलली,
काठावर टिचकी मारली.
"आम्ही पत्र्याचे घ्यायचो, वजनावर.
पोकळी फुकट.
आणि मोडीला आलं, तर परत वजनावरच."

डिस्कला मोड नसते,
हे मी त्यांना सांगितलं नाही.

मंगळवारी शेठच्या आधी पोचले.
फळ्यावरचा जुना आकडा पुसून निघेना,
कधीचा वाळलेला.
त्याच्यावरच नवा लिहिला.
जवळून पाहिलं तर दोन्ही वाचता येतात.

मग फोन लावला.
"आहेरसाहेब, आमच्याकडं तुमचे
आठ हजार दीडशे निघतात."
पलीकडं मशीनचा आवाज. मग,
"कसले?"
त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.
"काल तीनदा केला फोन, ते वेगळंच होतं.
ती पेटी जिन्याखाली ठेवली तर चालेल का?
दुसरी जागाच नाही हो आमच्याकडं."

जिन्यावर शेठच्या चपला वाजल्या.
"चालेल," मी म्हणाले,
"मागून थोडी हवा खेळली पाहिजे, एवढंच."